सही न झालेली पत्रं

चौकशी आयोगाच्या दाराबाहेर एक बाकडं असतं. वार्ताहरकीची उमेदीची बरीच वर्षं मी अशा बाकड्यांवर काढली. आत काय झालं ते दुसऱ्या दिवशी छापून येतंच. बाकड्यावर कळतं ते वेगळं. कोणत्या वकिलाची कंबर नेमकी उलटतपासणीच्या दिवशी धरते, कोणती फाइल ‘सापडत नाही’ आणि ती सापडू नये म्हणून किती जण राबताहेत, मधल्या सुट्टीत कोण कोणाला चहा पाजतो. अशाच एका बाकड्यावर एका म्हाताऱ्या शिपायाने मला हे सगळं शास्त्र दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. “दंगल झाली की सगळे विचारतात, जबाबदार कोण? अहवाल आला की विचारतात, हे लिहिलं कोणी?”

त्या शिपायाने अमेरिका पाहिली नव्हती, पण केर्नर आयोगाची गोष्ट वाचताना मला दर पाचव्या पानाला तोच आठवतो. गोष्ट जगजाहीर आहे. १९६७ च्या उन्हाळ्यात नेवार्क आणि डेट्रॉईट पेटलं, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ऑटो केर्नर यांच्या अध्यक्षतेखाली अकरा जणांचा आयोग नेमला, आणि सात महिन्यांनी त्या आयोगाने दंगलींचं खापर गोऱ्यांच्या वर्णद्वेषावर फोडून देशाला हादरवलं. हे झालं छापून आलेलं. मी सांगतोय ते बाकड्यावरचं. त्या बाकड्यावर मी नव्हतो, हे कबूल. पण जॉन्सन यांना स्वतःचे फोन टेप करून ठेवायची खोड होती, आयोगातली मंडळी पुढे वर्षानुवर्षं मोकळेपणाने बोलत राहिली, आणि सरकारी दफ्तराचा एक गुण जगभर सारखाच आहे: नष्ट करायला सांगितलेला कागद तिथे हमखास सापडतो.

सुरुवात फोनपासूनच करू. २७ जुलै १९६७. राष्ट्राध्यक्ष त्या रात्री दूरचित्रवाणीवर बोलणार होते. असा आयोग नेमा म्हणून सिनेटमध्ये आवाज उठवणारे ओक्लाहोमाचे ३६ वर्षांचे सिनेटर फ्रेड हॅरिस यांच्या घरी त्याआधी फोन वाजला. पलीकडे खुद्द जॉन्सन. तुझा तो आयोग नेमतोय, म्हणाले, आणि तुलाच त्यात घालतोय. हॅरिस खूश. मग जॉन्सन यांनी प्रेमळपणे आठवण करून दिली की आपण जॉन्सनचा माणूस आहोत हे विसरायचं नाही. विसरलास तर खिशातला चाकू काढीन आणि... पुढचा अवयव मासिकात छापण्यासारखा नाही. हॅरिस हा किस्सा आयुष्यभर रंगवून सांगायचे. काही मिनिटांनी तेच जॉन्सन धीरगंभीर चेहऱ्याने देशासमोर आले. दोनच दिवसांनी त्यांनी आयोगापुढे तीन प्रश्न ठेवले: काय घडलं, का घडलं, आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं. कशाचीही भीडभाड ठेवू नका, असंही सांगितलं.

आता डेट्रॉईट. दंगल होईल तर ती इतरत्र, आपल्याकडे नाही, अशी त्या शहराची समजूत होती. तरुण महापौर जेरोम कॅव्हानॉ कृष्णवर्णीयांच्या मतांवर निवडून आलेले, गरिबी हटवायला केंद्राचा भरपूर पैसा आलेला, इतर शहरांनी कित्ता गिरवावा असं हे शहर. त्या फोनच्या आधीच्या शनिवारी रात्री पोलिसांनी पाच गुत्त्यांवर छापे घालायचं ठरवलं. चार सुरळीत झाले. पाचवा बाराव्या रस्त्यावर, एका छापखान्याच्या माडीवर. (अशा गुत्त्याला तिकडे ‘आंधळं डुक्कर’ म्हणतात. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणारा प्यायलेला असावा.) वीस-पंचवीस गिऱ्हाइकं असतील या हिशेबाने पोलीस पहाटे वर चढले, तर आत ऐंशीवर माणसं. व्हिएतनामहून परतलेल्या दोन सैनिकांची मेजवानी चालली होती. सगळ्यांना पकडलं, पण एवढ्यांना न्यायला गाड्या कुठे होत्या? फेऱ्या मारता मारता तासाच्या वर गेला. जुलैचा उकाडा, घराघरांच्या उघड्या खिडक्या, खाली जमलेली गर्दी. गर्दीतून एक बाटली आली. रविवारच्या पहाटे अख्ख्या शहरात गस्तीवर किती पोलीस होते? १९३. आठवड्यातली सगळ्यात शांत वेळ म्हणून ही संख्या मुद्दाम कमी ठेवलेली असायची.

त्याच दुपारी टायगर स्टेडियममध्ये बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने होते, न्यूयॉर्कच्या संघाशी. डावीकडच्या प्रेक्षागारामागून काळा धूर वर चढत होता आणि तो स्टेडियमभर दिसत होता. समालोचक अर्नी हारवेल यांना वरून निरोप: धुराबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मराठी माणसाला हारवेल कोण हे सांगायचं तर, आपल्याकडे रेडिओवर बाळ पंडितांचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना कळेल. त्या दिवशी या लाडक्या आवाजाने रेडिओवर सगळं सांगितलं: चेंडू, धावा, वारा. वारा कशाचा वास आणतोय तेवढं सोडून. सामने संपल्यावर संघातला विली हॉर्टन, याच शहराच्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेला, कपडे न बदलता खेळाच्या गणवेशातच बाराव्या रस्त्यावर गेला, मोटारीवर चढला आणि घरी जा म्हणून लोकांना विनवू लागला. लोकांनी त्याला ओळखलं, आणि तूच घरी जा म्हणाले. त्याची काळजी वाटली म्हणून.

हॉर्टनला निदान माया मिळाली. त्या भागाचे काँग्रेस सदस्य जॉन कॉनयर्स हेही मोटारीच्या टपावर चढले होते, हातात भोंगा घेऊन. स्वतः कृष्णवर्णीय, मतदार कृष्णवर्णीय, डेट्रॉईटच्या त्यांच्या कार्यालयात कामाला कोण, तर बसमधली जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स. यापेक्षा भक्कम ओळखपत्र ते काय? लोकांनी हुर्यो केली आणि खासदारसाहेब खाली उतरले.

पण खरा सामना रंगला तो फोनवर, डेट्रॉईट आणि वॉशिंग्टन यांच्यात. मिशिगनचे गव्हर्नर जॉर्ज रोम्नी हे १९६८ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे संभाव्य उमेदवार, म्हणजे जॉन्सन यांचे प्रतिस्पर्धी. त्यांना लष्कर हवं होतं. व्हाइट हाउसचं म्हणणं, परिस्थिती आवाक्याबाहेर गेली असं लिहून द्या, ‘बंडाळी’ म्हणा, मग पाठवतो. रोम्नी ‘बंडाळी’ म्हणायला तयार नाहीत. तत्त्वाचा प्रश्न? छे. बंडाळी म्हटली की विमा कंपन्या दुकानांची भरपाई द्यायला नकार देतील, ही धास्ती. एका शब्दावरून फोन इकडून तिकडे होत राहिले आणि तिकडे एकेक रस्ता जात राहिला. शेवटी सोमवारी मध्यरात्रीच्या सुमारास जॉन्सन यांनी लष्कर पाठवल्याचं दूरचित्रवाणीवर जाहीर केलं, आणि त्या छोट्याशा भाषणात गव्हर्नर रोम्नी यांना परिस्थिती हाताळता आली नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की ऐकणाऱ्याला दंगल रोम्नींनीच केली असं वाटावं. ४३ माणसं गेली, त्यांतली ३३ कृष्णवर्णीय. सात हजारांवर अटका झाल्या. आणि ज्या निवडणुकीपायी हे चाललं होतं, तिच्यातून रोम्नी फेब्रुवारीअखेर बाहेर पडले, जॉन्सन मार्चअखेर.

आयोगाची माणसं निवडताना जॉन्सन यांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं. दोन सिनेटर, दोन काँग्रेस सदस्य, एक गव्हर्नर, एक महापौर, पोलाद कामगारांचे नेते, लिटन इंडस्ट्रीजचे प्रमुख टेक्स थॉर्नटन, अटलांटाचे पोलीसप्रमुख. कृष्णवर्णीय दोन, बाई एक. जहाल एकही नाही. अहवाल मऊसूत येणार, अशी सगळ्यांची खात्री होती, आणि डाव्या मंडळींनी तर तो येण्याआधीच त्याच्यावर टीका लिहून ठेवली होती. जॉन्सन यांना मनोमन वेगळंच हवं होतं. यामागे कोणीतरी आहे, शहराशहरांत फिरून चिथावणारं, असं त्यांना वाटत होतं. ते कोणीतरी सापडलं असतं तर बाकीचे प्रश्न आपोआप मिटले असते. आमच्याकडेही ‘बाहेरून आलेले समाजकंटक’ हे दंगलीनंतरचं सगळ्यात सोयीचं पात्र आहे. पहिला साक्षीदार म्हणून एफबीआयचे जे. एडगर हूवर आले. कम्युनिस्टांचा कट शोधण्यात हयात घालवलेला हा माणूस. त्यांनी आयोगाला सांगितलं, कटाचा पुरावा नाही. हूवर यांनाच कट सापडत नाही म्हटल्यावर तो प्रश्न मिटलाच.

बंदुकधाऱ्यांचीही तीच गत. गच्चीगच्चीवर नेमबाज दडलेत, असं त्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं होतं. आयोगाने नेवार्कचा एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. शहराचे पोलीस संचालक एका मोठ्या वसाहतीपाशी पोचले तर नॅशनल गार्डचे जवान आणि पोलीस गाड्यांच्या आडोशाला दबून बसलेले. संचालक एकटेच रस्त्याच्या मधोमध चालत गेले. बराच वेळ काही झालं नाही. मग एक गोळी सुटली. पाहतात तो ती झाडणारा एक कोवळा गार्डच. खिडकीतल्या माणसाला घाबरवून आत घालवायला झाडली, म्हणाला. संचालकांनी त्याला विचारलं, तू आत्ता काय केलंस कळतंय का? आता इथल्या प्रत्येकाला वाटणार की वरून गोळीबार होतोय. त्याच संध्याकाळी तसंच झालं, आणि नेमबाज आहेत असं समजून गार्ड आणि पोलीस एका वसाहतीवर गोळ्या झाडू लागले. डेट्रॉईटमध्ये छुप्या गोळीबाराच्या आरोपाखाली २७ जणांना पकडलं होतं. प्राथमिक सुनावणीतच २२ जण सुटले.

आमच्या बिरादरीलाही आयोगाने सोडलं नाही, आणि हे वाचताना मी पान जरा लवकर उलटलं. डेट्रॉईटच्या नुकसानीचा आकडा वर्तमानपत्रांनी आधी २० कोटी ते ५० कोटी डॉलर असा दिला होता. आयोगाने हिशेब मागितला तेव्हा वरचा अंदाज साडेचार कोटींवर आला. देशभरच्या संपादकीय विभागांत कृष्णवर्णीय किती, हेही मोजलं: पाच टक्क्यांहून कमी. संपादक आणि त्यांच्या वरच्या हुद्द्यांवर एक टक्काही नाही. म्हणजे वस्तीत काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता, कारण वस्तीतला माणूस कचेरीत फक्त फरशी पुसायला यायचा. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण छापलं. आतल्या पानावर.

साक्षींत एक दिवस मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क आले. त्यांनी आयोगासमोर बसून आयोगालाच आरसा दाखवला. १९१९ च्या शिकागो दंगलीचा अहवाल वाचला, म्हणाले, मग हार्लेमचा १९३५ चा, मग १९४३ चा, मग लॉस एंजेलिसच्या वॉट्स दंगलीचा. तोच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिल्यासारखं वाटतं: तेच विश्लेषण, त्याच शिफारशी आणि तीच निष्क्रियता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मागच्या फडताळात भिवंडीचा १९७० चा मादन आयोग, वरळी-नायगावचा १९७४ चा भस्मे आयोग आणि मुंबईचा श्रीकृष्ण आयोग यांची कात्रणं एकावर एक रचलेली होती, सगळ्यात खालच्या गठ्ठ्याला वाळवी लागलेली. क्लार्क यांचं ते बोलणं आयोगाने अहवालाच्या शेवटी जसंच्या तसं घेतलं. आपल्यालाही याच फडताळात जायचंय, हे ओळखणारा आयोग विरळाच.

यापुढचा किस्सा आयोगाने स्वतःहून कधी सांगितला नाही. आयोगाच्या पोटात एक संशोधन विभाग होता, प्रमुख रॉबर्ट शेलो. या समाजशास्त्रज्ञांनी रात्रीचा दिवस करून १७६ पानांचा मसुदा तयार केला, तारीख २२ नोव्हेंबर १९६७. मथळाच असा की वाचणाऱ्याने आधी दार लावून घ्यावं: ‘अमेरिकी वर्णद्वेषाचं पीक’. म्हणणं काय, तर काही शहरांतला हिंसाचार ही निव्वळ लुटालूट नव्हती, त्यात तरुणांचं राजकीय बंड होतं. रोम्नी जो शब्द टाळत होते, जवळपास तोच हे संशोधक सरकारी कागदावर लिहीत होते, आणि तोही वेगळ्याच अर्थाने! आयोगाचे कार्यकारी संचालक डेव्हिड गिन्सबर्ग आणि त्यांचे सहायक व्हिक्टर पाल्मिएरी यांनी मसुदा वाचला आणि हे राष्ट्राध्यक्षांच्या हाती पडलं तर आयोगच गुंडाळला जाईल, असं ताडलं. मसुदा बाजूला गेला, प्रती नष्ट करायला सांगितलं. डिसेंबरात आयोगाच्या सुमारे १२० कर्मचाऱ्यांना निरोप मिळाला, त्यात शेलो आणि त्यांची माणसंही. कारण? पैसे संपले. (आपल्याकडे एवढे फाटे फोडले जात नाहीत. जानेवारी १९९६ मध्ये श्रीकृष्ण आयोग अख्खाच बरखास्त झाला आणि मे महिन्यात पुन्हा नेमावा लागला. बाकड्यावरच्या आम्हाला दोन्ही बातम्या मिळाल्या.) त्या १७६ पानांची एक प्रत उरली, आणि तीही कुठे? जॉन्सन यांच्याच नावाच्या ग्रंथालयात. २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाने ती छापून काढली.

इथे मी थोडा रस्ता सोडतो. माझा भाचा डेट्रॉईटला असतो, असं आम्ही नातेवाईक सांगतो. प्रत्यक्षात तो नोवायला असतो. मोटारीच्या सुट्या भागांचं त्याचं काम, आजूबाजूला इतकी मराठी घरं की गणपतीत मोदकांची देवाणघेवाण दोन दिवस पुरते. त्याला म्हटलं, मला डेट्रॉईट दाखव. तो म्हणाला, “मामा, अकरा वर्षांत मी डेट्रॉईटला फक्त एअरपोर्टपुरता गेलोय.” मग जरा थांबून स्वतःच हसला. विमानतळ डेट्रॉईटमध्ये नाहीच, तो रोम्युलस नावाच्या वेगळ्या गावात आहे.

एका रविवारी निघालो. बाराव्या रस्त्याला आता रोझा पार्क्स यांचं नाव आहे. छापखाना होता त्या कोपऱ्यावर छोटंसं गॉर्डन पार्क आणि एक फलक, २०१७ मध्ये लावलेला. कोणी नव्हतं. भाच्याने फलकाचा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला; वहिनींनी विचारलं, पार्किंग सेफ आहे ना? परतताना मी त्याला एट माइल रोडच्या अलीकडे गाडी वळवायला लावली. शहराची उत्तर हद्द ती. तिथे घरांच्या परसांमागून एक भिंत जाते: सहा फूट उंच, फूटभर जाड, अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. केंद्राच्या गृहकर्ज खात्याने हमी नाकारली, कारण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती. बिल्डर हुशार. त्याने मधोमध ही भिंत घातली. कर्जाला हमी मिळाली. आज भिंतीच्या दोन्ही अंगांना कृष्णवर्णीयच राहतात आणि भिंतीच्या एका पट्ट्यावर साबणाचे फुगे उडवणारी पोरं रंगवली आहेत. भाचा भिंतीला हात लावून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “आमच्या सोसायटीच्या नियमावलीचीच जुनी आवृत्ती आहे ही.” कोणती सोसायटी, नोवायची की पुण्याची, हे मी विचारलं नाही.

तर जबाबदार कोण? ‘वर्णद्वेष’ हा शब्द कागदावर कसा आला, तेही ऐका. अध्यक्ष केर्नर असले तरी गाडी हाकत होते न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे, बरोबर हॅरिस. लिंडसे उंचेपुरे, देखणे, आणि पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून असल्याची वदंता. अहवाल तयार होत आला तेव्हा तो जाडजूड, आकडेबाज आणि कोणालाच न बोचणारा होईल, अशी भीती त्यांना वाटू लागली. त्यांनी स्वतःच्या महापालिकेतल्या तरुण मदतनिसांना कामाला लावलं आणि एक छोटा सारांश लिहून घेतला. शेवटच्या बैठकीत, सगळे दमले असताना, खिशातून काढून वाचायला सुरुवात केली. देश दोन समाजांकडे चाललाय, एक काळा, एक गोरा, वेगळे आणि विषम, हे त्यातलंच. गोऱ्यांच्या संस्थांनी या वस्त्या निर्माण केल्या आणि टिकवल्या, हाही सूर त्यातलाच. हे घेतलं नाही तर वेगळा अहवाल देईन, अशी पुडी सोडून दिलेली होतीच. थॉर्नटन वगैरेंना वर्णद्वेष हा शब्द गिळवत नव्हता. पण अकराही जणांनी सह्या केल्या. सात महिने, शंभरावर साक्षी, शहराशहरांचे दौरे, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते मदतनिसांनी लिहिलेलं एक वाक्य. वर्णद्वेष हा शब्द लिहिणाऱ्या शेलोच्या लोकांना घरी पाठवलं होतं. तीन महिन्यांनी तोच शब्द पहिल्याच पानांवर होता.

अहवाल रविवारी, ३ मार्चला वर्तमानपत्रांना द्यायचा ठरला होता. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला प्रत आधीच मिळाली. कोणी दिली? बाकड्यावर हा प्रश्न विचारत नाहीत. घाईघाईने २९ फेब्रुवारीच्या संध्याकाळी प्रसिद्धीवरची बंदी उठवली. लीप वर्षाने दिलेला जादा दिवस असा कामी आला. बँटम प्रकाशनाने कागदी बांधणीत पुस्तक काढलं आणि सरकारी अहवाल लाखोंनी खपला, रेल्वेच्या स्टॉलवर, औषधाच्या दुकानात. मार्लन ब्रँडोने रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात त्यातली पानं वाचून दाखवली. आयोगाचा अहवाल मोठमोठ्याने वाचणारा नट मला दुसरा माहीत नाही. नट न वाचता बोलतात.

ज्यांनी अहवाल मागवला त्यांचं काय? जॉन्सन यांच्यासाठी चामडी बांधणीची खास प्रत तयार होती, समारंभ ठरला होता. समारंभ रद्द झाला. जॉन्सन काही दिवस बोललेच नाहीत. नागरी हक्कांचे कायदे केले ते मी, मतदानाचा हक्क दिला तो मी, गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं ते मी. आणि अहवालात माझं नाव शोधावं लागतं! शिवाय शिफारशींना लागणारा पैसा व्हिएतनाममध्ये जळत होता, तो वेगळाच. सल्लागार हॅरी मॅकफर्सन यांनी निदान आयोगाच्या सदस्यांना आभाराची साधी पत्रं तरी पाठवू, म्हणून मसुदे करून दिले. जॉन्सन यांनी सही केली नाही. केली तर ढोंगी ठरेन, असा शेरा पाठवला. गंमत म्हणजे ज्या मार्च महिन्यात आयोगाचे आभार मानायला त्यांचा हात धजत नव्हता, त्याच महिन्यात त्याच हाताने त्यांनी आयोगाच्या अध्यक्षाला केंद्रीय अपील न्यायालयाचा न्यायाधीश म्हणून नामनिर्देशित केलं.

४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, शंभरावर शहरं पुन्हा पेटली, आणि घरं विकताना-भाड्याने देताना वर्णभेद करायला बंदी घालणारा, रखडलेला कायदा ११ एप्रिलला सहीसह बाहेर आला. आयोगाची ती शिफारस मार्गी लागली. रिचर्ड निक्सन यांनी प्रचारात सांगितलं की या अहवालाने दंगल करणारे सोडून बाकी सगळ्यांना दोषी ठरवलं आहे, आणि निवडणूक जिंकली.

केर्नर यांचा शेवट मात्र एखाद्या विनोदी नाटककाराला सुचावा तसा. गव्हर्नर असताना रेसकोर्सचे समभाग त्यांना मातीमोल भावात मिळाले होते. बाहेर कसं आलं? कोणी फितूर झालं नाही, कोणी फाइल पळवली नाही. रेसकोर्सच्या मालकीणबाईंनी तो व्यवहार प्राप्तिकरात धंद्याचा रीतसर खर्च म्हणून दाखवला होता. इलिनॉयमध्ये धंदा करायचा तर हा खर्च धरावाच लागतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. न्यायाधीशपदावर असतानाच १९७३ मध्ये केर्नर दोषी ठरले, तुरुंगात गेले आणि १९७६ मध्ये वारले. देशाच्या दंगलींना जबाबदार कोण हे सांगणाऱ्या माणसाचा निकाल एका प्रामाणिक करविवरणपत्राने लागला.

फ्रेड हॅरिस सगळ्यांहून जास्त जगले. अहवालाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, त्यांनी त्याच प्रश्नावर पुन्हा एक पुस्तक संपादित केलं आणि सभांमधून चाकूचा किस्सा सांगत फिरले. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. अकरा जणांतले ते शेवटचे. आभाराच्या त्यांच्या पत्रावरही सही झाली नव्हती.